उथळ तलावात ऑक्टोबर महिन्यात दिवसाउजेडी वॉलआय कसा धरावा?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. हिप्परग्याच्या म्हणजेच एकरुखच्या तलावावर मी गेली पंचवीस वर्षे गळ टाकत आलो आहे. मरळ आणि चिलापी यांच्यापलीकडे माझा अनुभव नाही. यंदा ऑक्टोबरमध्ये महिनाभर लेकीकडे, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, जाण्याचे ठरले आहे. तिच्या घराजवळचा तलाव विस्तीर्ण असला तरी कोठेही पंधरा फुटांहून खोल नाही आणि त्यात वॉलआय नावाचा मासा आहे. तेथील लोक सांगतात की हा मासा तिन्हीसांजेनंतरच गळाला लागतो. परंतु माझ्यासोबत आठ वर्षांचा नातू असणार आहे, आणि अंधार पडल्यावर थंडीत त्याला पाण्यावर ठेवणे मला पटत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार एवढाच वेळ आमच्या हाती असेल. या वेळेत जागा कशी हेरावी आणि गळाला काय लावावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (मूळचा सोलापूरचा, सध्या मिनेसोटात)

नमस्कार काका. आपण ऐकले ते खरे आहे, पण अर्धेच. वॉलआयच्या डोळ्यात मांजराच्या डोळ्यासारखा प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधूक उजेडात त्याला भक्ष्य स्पष्ट दिसते आणि त्याचे आवडते भक्ष्य असलेल्या पिवळ्या पर्चला मात्र तेव्हा धड दिसत नाही. त्याला हवा असतो तो हा फायदा, आणि तो जेथे मिळेल तेथे हा मासा भर दुपारीही खातो. म्हणून घड्याळ पाहण्यापेक्षा पाण्यात उजेड किती खोल उतरतो आहे, ते पाहावे.

उथळ तलावात हे काम वारा करतो. खोल तलावात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात आणि शरदात ते मिसळतात. उथळ तलाव मात्र वाऱ्याने वरपासून तळापर्यंत वरचेवर ढवळला जात असल्यामुळे तेथे थर फार दिवस टिकत नाहीत आणि मासा एका ठरावीक खोलीला बांधलेला राहत नाही. वारा ज्या काठावर येऊन आदळतो, तेथे लाटांनी उजेड फुटतो, तळाची माती उठून पाणी गढूळ होते आणि वाऱ्याबरोबर ढकलल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांच्या मागे लहान मासे गोळा होतात. सोलापुरात आपण वाऱ्याकडे पाठ करून, आडोशाला बसतो. येथे नेमके उलट करावे लागते. दोन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला असेल आणि आभाळ भरलेले असेल, तर त्या काठावर चार-सहा फूट पाण्यातही दुपारी बारा वाजता मासा मिळतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे. अर्थात, लाटा बोटीला जड जातील इतका वारा असल्यास बाहेर पडू नये.

गळाला मिनो म्हणजे बोटाएवढा जिवंत मासा लावावा. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा, डोक्याशी शिशाचा मणी असलेला गळ (त्याला जिग म्हणतात) पुरेसा होतो. तो तळाला टेकवावा, वीतभर उचलावा आणि थांबावा. पाणी जसजसे गार होते, तसतसे हे थांबणे वाढवावे लागते. मरळ झडप घालते तसा झटका येथे येत नाही. बहुतेक वेळा तंगूस नुसती जड झाल्यासारखी वाटते, तेवढीच खूण.

मासेमारीचा परवाना आधी काढावा. बाहेरच्यांना तो थोड्या दिवसांसाठीही मिळतो. किती मासे ठेवता येतात, हे त्या तलावाच्या नियमात पाहावे. दहा वर्षांखालील मुलाने चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणे येथे कायद्याने सक्तीचे आहे, आणि ऑक्टोबरच्या गार पाण्यात ते आपणही घालावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर २ (उत्तर सोलापूर)

वरील उत्तरात पाणगवताचा उल्लेख राहिला आहे. मी चार वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो असताना मरळीच्या सवयीने कुजलेल्या, तपकिरी गवताच्या कडेला आठवडाभर गळ टाकत बसलो आणि एकही वॉलआय मिळाला नाही. कारण नंतर उमगले. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते, म्हणून कुजक्या गवतात पाण्यातील प्राणवायू घटला तरी तिचे अडत नाही. वॉलआय सर्वस्वी कल्ल्यांवर अवलंबून आहे. गवत मरून कुजू लागले की तो तेथून निघतो आणि जेथे अजून हिरवे, ताठ गवत उरले आहे, तेथे लहान माशांपाठोपाठ जातो. ऑक्टोबरमध्ये असे हिरवे पट्टे थोडेच उरतात, त्यामुळे ते शोधणे उलट सोपे होते. बोटीच्या नांगराला किंवा गळाला आलेली काडी हातात घेऊन पाहावी: ती करकरीत मोडली तर थांबावे, लिबलिबीत असली तर पुढे जावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कुजक्या गवताची चूक मी नक्कीच केली असती. एकच शंका उरते: वारा पडला, ऊन लख्ख असले आणि पाणी नितळ असले, तर काय करावे?

उत्तर १

असा दिवस सर्वांत कठीण, आणि शरदात तो अधूनमधून येतोच, कारण उन्हाळ्यात पाणी हिरवे करणारे शेवाळ थंडीने ओसरते. अशा दिवशी हिरव्या गवताच्या आत, सावलीत, तरंगा लावून मिनो सोडावा. अथवा तलावातील सर्वांत खोल खळगा शोधून, भले तो भोवतालापेक्षा दोन-तीन फुटांनीच खोल असो, तेथे जिग अगदी सावकाश चालवावा. वेळेत थोडी सवड काढता आली, तर अशा दिवशी दहाऐवजी सकाळी साडेसातला निघावे आणि अकराला परतावे. तेव्हा सूर्य तिरपा असतो, आणि नातवालाही दुपारचे जेवण घरी करता येईल.