सुट्ट्यांच्या यादीत सगळ्या धर्मांचे सण असावेत, की ऐच्छिक सुट्ट्या वाढवाव्यात? (इंदूर)

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. विजयनगरमधल्या एका खासगी ऑफिसची पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी करायची आहे. साठ माणसं. निम्म्याहून जास्त मराठी आणि हिंदीभाषक हिंदू. बाकी जैन (दिगंबर, श्वेतांबर दोन्ही), बोहरा (शिया मुसलमान), सुन्नी, सिंधी, शीख आणि केरळचे ख्रिस्ती. वर्षाला दहा सुट्ट्या मिळतात, त्या कुठल्या ते आजवर मालकच ठरवत आले. आता एकाचा अर्ज आलाय गुड फ्रायडेसाठी, दुसऱ्याचा जैनांच्या संवत्सरीसाठी. पुढे महालक्ष्म्यांसाठीही येणार, आणि तो रास्तच असेल. सरकारी यादीवरून नेहमी निघतो तोच हा वाद: यादीत सगळे धर्म दिसावेत, की यादी छोटी ठेवून ज्याला त्याला आपला दिवस निवडू द्यावा? नियम आणि व्यवहार दोन्ही जाणणाऱ्यांनी सांगा.

पागनीसपागा

आधी सरकारात काय चालतं ते बघा. आपल्या मध्य प्रदेशात तीन प्रकार आहेत. सार्वजनिक सुट्टी पराक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), १८८१ च्या कलम २५ खाली जाहीर होते, म्हणून बँकाही बंद राहतात. ऐच्छिक अवकाशाची यादी लांबलचक असते, त्यातले वर्षाला तीन घेता येतात. तिसरा स्थानीय अवकाश, तो कलेक्टर जाहीर करतात. आपली रंगपंचमी त्यातली. त्या आदेशात बँका, कोषागार आणि उपकोषागारांना हा अवकाश लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघते, शाळा-दफ्तरं बंद असतात आणि बँकेतल्या माणसाला मात्र कामावर जावं लागतं.

केंद्राची मांडणी वेगळी आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. दिल्लीबाहेरच्या केंद्रीय दफ्तरांना १४ सुट्ट्या सक्तीच्या. त्यात ३ राष्ट्रीय आणि ११ धार्मिक: दसरा, दिवाळी, रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, मिलाद, गुड फ्रायडे, नाताळ, बुद्धपौर्णिमा, गुरुनानक जयंती, महावीर जयंती. होळी, जन्माष्टमी, रामनवमी, महाशिवरात्र, गणेश चतुर्थी, संक्रांत, ओणम हे सगळे १२ दिवसांच्या दुसऱ्या यादीत आहेत; त्यातले ३ राज्याच्या राजधानीतली कर्मचारी समन्वय समिती निवडते. त्याशिवाय प्रत्येकाला २ ऐच्छिक. म्हणजे केंद्राने प्रत्येक धर्माला जागा दिली आणि एकाच धर्मातले प्रांतोप्रांतीचे फरक त्या त्या राज्यावर सोडले. मला ही मांडणी शहाणपणाची वाटते.

सहाव्या वेतन आयोगाने २००८ मध्ये आणखी पुढची शिफारस केली होती: फक्त ३ राष्ट्रीय सुट्ट्या ठेवा आणि ऐच्छिक २ वरून ८ करा. सरकारने ती मानली नाही. पण साठ माणसांच्या ऑफिसला त्याच दिशेने जाणं सोपं पडेल.

नारायणबाग

पागनीसपागा दादांची माहिती बरोबर आहे, शेवटचा सल्ला मात्र मला पटत नाही. दिवाळीला ऑफिसला कुलूप असतं, तेव्हा कुणाला काही मागावं लागत नाही. ईदेसाठी मात्र अर्ज करायचा, वरिष्ठांचा होकार मिळवायचा, आणि नेमकी त्याच दिवशी क्लायंटची मीटिंग लागली की मान खाली घालून कामावर यायचं. कागदावर दोघांनाही एकच दिवस मिळाला असला, तरी ही समानता नाही.

कायद्यातही हा फरक आहे. दफ्तर किंवा कोर्ट बंद असेल तर सामान्य खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), १८९७ च्या कलम १० प्रमाणे तिथलं शेवटच्या तारखेचं काम पुढच्या उघड्या दिवशी केलं तरी मुदतीत धरतात. हुंडी-वचनचिठ्ठीचं उलट: मुदत सार्वजनिक सुट्टीला संपत असेल तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी देय होतात. ऐच्छिक रजेला यातलं काहीच लागू नाही. कोर्टाची तारीख, निविदेचा शेवटचा दिवस, मुलांची परीक्षा, सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून यादीत नाव असण्याला किंमत आहे.

एखादी सुट्टी यादीत असलीच पाहिजे असा कायदेशीर हक्क मात्र कुणालाच नाही. दादरा-नगर हवेलीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसं सांगितलंय. उत्तर प्रदेशाने २०१७ मध्ये महापुरुषांच्या जयंती-पुण्यतिथींच्या १५ सुट्ट्या एका फटक्यात काढल्या. कुणाच्या उपासनेला धक्का न लावता यादी छोटी करायची असेल तर कात्री आधी अशा दिवसांवर चालवावी, असं माझं मत. सिंगापूरने १९६८ मध्ये धार्मिक सुट्ट्याच कमी केल्या. हिंदूंचा थैपुसम गेला, दीपावली राहिली. मुसलमानांचा पैगंबर जयंतीचा दिवस गेला, दोन्ही ईद राहिल्या. प्रत्येकाने काही सोडलं, पण यादीबाहेर कुणी गेलं नाही. शिवाय सुट्टी रविवारी आली तर तिथे सोमवार देतात. आपल्याकडे केंद्राच्या यादीत अशी बदली सुट्टी नाही.

रामबागवाली

सुदामानगरकर दादा, दोन्ही मतं एकाच यादीत बसतात. ७ ठाम आणि ४ ऐच्छिक करा. ठाम सातमध्ये ३ राष्ट्रीय, दिवाळी, रमजान ईद, नाताळ, आणि सातवी रंगपंचमी. त्या दिवशी गावात कुणी ऑफिसला पोचूच शकत नाही. एकूण ११ होतात, मालकांना एकच दिवस जास्त द्यावा लागेल. नारायणबाग म्हणतात तसं प्रत्येक धर्माचं नाव त्यात येत नाही हे खरं, म्हणून ऐच्छिकचे नियम कडक हवेत.

पहिला नियम, ऐच्छिक म्हणजे निवड कर्मचाऱ्याची, परवानगीचा प्रश्न नाही. १५ जानेवारीपर्यंत प्रत्येकाने चार तारखा कळवायच्या. धर्म किंवा कारण विचारायचं नाही, अर्जात तो रकानाच ठेवू नका. तारीख एकदा नोंदली की वरिष्ठाला नाकारता येणार नाही. फारच अडलं तर लेखी कारण आणि त्याच महिन्यात बदली दिवस. निवडलेल्या तारखा सामायिक कॅलेंडरवर टाका, म्हणजे त्या दिवशी मीटिंग लावणाऱ्याला आधीच दिसेल.

दुसरं, तारखा गृहीत धरू नका. जैनांसाठी म्हणून संवत्सरी ठाम केलीत तर ती श्वेतांबरांपुरतीच. त्यांच्यातही मूर्तिपूजक भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आणि स्थानकवासी बहुधा पंचमीला करतात. दिगंबरांचं दशलक्षण (दहा दिवसांचं पर्व) पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपतं. बोहरा मंडळींचं पंचांग गणिती असतं, ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षं ३५५ दिवसांची, बाकीची ३५४ ची. चंद्रदर्शनाची वाट बघायची नसते, त्यामुळे त्यांची ईद सरकारी ईदेच्या एक-दोन दिवस आधीच होऊन जाते. तुम्ही रमजान ईद ठाम ठेवलीत तरी बोहरांना ती अदलाबदलीत घेता आली पाहिजे: सरकारी ईदेला कामावर, आपल्या ईदेला सुट्टी. सुन्नींसाठी तारखेपुढे ‘चंद्रदर्शनानुसार’ लिहा आणि आदल्या रात्री नक्की तारखेचा निरोप कुणी पाठवायचा ते ठरवून ठेवा. महालक्ष्म्या नक्षत्रावर येतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळवर विसर्जन. पूजनाच्या दिवशी पहाटेपासून सोवळ्यातला स्वयंपाक असतो, त्या दिवशी अर्धी रजा उपयोगाची नाही.

तिसरं, वार आधी तपासा. २०२५ मध्ये २६ जानेवारी, गुढीपाडवा (सिंधींचं चेटीचंडही त्याच दिवशी), रामनवमी आणि मोहरम हे सगळे रविवारी आले. ठाम सुट्टी रविवारी आली तर तेवढी ऐच्छिक वाढवून द्या, नाहीतर कागदावर ११ आणि हातात त्याहून कमी. त्याच वर्षी रमजान ईद आली ३१ मार्चला, आर्थिक वर्षाच्या अखेरच्या दिवशी. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी उघडं राहायला सांगितलं होतं. हिशेब विभागात अशी गाठ पडणार असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच पाळी लावा.

सुदामानगरकर

ताई, हे जमेल असं वाटतंय. एकच शंका: सफाईच्या बायका आणि गार्ड ठेकेदाराचे आहेत, हजेरीवर पैसे मिळतात. त्यांचं काय?

रामबागवाली

ते आधी सोडवा. ऑफिसला कुलूप लागलं की तुमचा पगार चालू राहतो आणि त्यांची दिवसाची मजुरी बुडते. यादी जितकी लांब तितकं त्यांचं नुकसान. ठेक्याच्या करारात सातही ठाम सुट्ट्या भरपगारी लिहून घ्या आणि ठेकेदाराच्या बिलात त्या वेगळ्या ओळीत दाखवायला लावा, म्हणजे पैसे मध्येच अडकणार नाहीत. गार्डला सुट्टीच्या दिवशीही यावं लागणारच, त्याला बदली दिवस द्या आणि तो त्यालाच निवडू द्या. चार ऐच्छिकही त्यांना लागू करा. नवा करार बहुधा एप्रिलपासून होतो, तेव्हा हे कलम फेब्रुवारीतच मालकांपुढे ठेवा.