मदत हवी आहे: टस्कनीत रेंटल कार, झेडटीएल आणि आईचे गुडघे

मंडळी, सप्टेंबरअखेर आईबाबांना घेऊन इटलीला चाललोय, फ्लॉरेन्सला रेंटल कार घ्यायची आणि सिएना, पिएन्झा, मोंतेपुल्चानो असं वाल दोर्चा खोऱ्याच्या बाजूनं निवांत फिरायचं असा बेत आहे. इंटरनॅशनल परमिट आरटीओतनं काढलंय, रस्त्याच्या उजवीकडून चालवायची सवय दुबईत झालीये, टेन्शन आहे ते झेडटीएलचं, म्हणजे परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही अशा भागाचं. जुन्या गावांच्या वेशीवर कॅमेरे, परवानगीशिवाय आत शिरलात की काही महिन्यांनी दंडाचं पत्र थेट घरी, वर रेंटलवाल्यांची फी वेगळी! म्हणजे गाडी तटाबाहेर लावायची हे कळलं, पण ही सगळी गावं टेकडीवर आणि आईचे गुडघे म्हणजे विचारूच नका. सिएनाला पार्किंगपासून वर सरकते जिने आहेत, तसं मोंतेपुल्चानोला काही आहे का? वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलंय का? हॉटेल तटाच्या आत असेल तर आपल्या गाडीचा नंबर तेच कळवतात की आपण मागे लागायचं? आणि ऑटोमॅटिक गाडी किती आधी बुक करावी, तिकडे मॅन्युअलच जास्त ना?

सॅन जिमिन्यानो जरा वाकडी वाट आहे, पण तिथले उरलेले १४ मनोरे बाबांना बघायचेच आहेत, त्यामुळे ते रद्द करा असं कृपया सांगू नका 😀