मदत हवी आहे: पाळी गेल्यानंतर रोज चालूनही साखर आणि पोट वाढतंय

नमस्कार. मी बडोद्याची, वय 55. पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली. सकाळी मैत्रिणींबरोबर कमाटी बागेत पाऊण तास फिरते, सहसा खंड पडत नाही. तरी यंदा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1 आलं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल 152, बीपी 138/86. वजन फारसं वाढलेलं नाही, पण कंबर 92 सेंटिमीटर झाली आहे.

डॉक्टर म्हणाल्या, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की चरबी पोटाकडे जमते, वाईट कोलेस्ट्रॉल वाढतं, स्नायूही घटतात. तूर्त औषध नको, व्यायाम वाढवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. ईसीजी चांगला आहे. पण वाढवायचं काय? आणखी चालायचं की वजनं उचलायची?

माझ्या आईला साठीच्या आत मधुमेह झाला आणि पुढे हार्ट अटॅक आला. त्यामुळे ‘वयामुळे होतं’ म्हणून मला हे सोडून द्यायचं नाही. घरी सासूबाई आणि यजमान दोघंही म्हणतात, आता वजनं उचललीस तर गुडघे जातील. जिना उतरताना डावा गुडघा दुखतो हे खरं. लहानपण दांडिया बाजारात, जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आसपास गेलं, पण मी स्वतः व्यायाम असा कधी केला नाही. जिमला जाणं जमणार नाही. घरी कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद 1
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. चालणं सोडू नका, पण त्याचा वेग बघा. चालताना बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये, इतपत दम लागायला हवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं असा व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. तुमचा हा दुसरा भाग राहून गेलाय. जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच ओढून घेतात, म्हणून ते टिकवायलाच हवेत.

खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, भिंतीला हात लावून पुश-अप, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं. प्रत्येक 8-10 वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. जोर लावताना श्वास कोंडू नका, बीपी चढतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला बहुधा आरामच पडतो. खुर्ची आधी उंच घ्या. छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, थंड घाम असं काही झालं तर लगेच थांबा आणि तडक दवाखाना गाठा. बायकांमध्ये हार्ट अटॅक येताना कधीकधी छातीत दुखतच नाही.

प्रतिसाद 2
ताई, मीही बडोद्याचीच, मांजलपूरची. दुपारी आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं घरातच फेऱ्या मारते, मे महिन्यात तर बाहेर शक्यच नाही. माझी जेवणानंतरची साखर यानंच आधी उतरली. कंबर उतरायला फार वेळ लागला, धीर सोडू नका.

मूळ लेखिका
दोघींचे मनापासून आभार. गप्पा मारत रमतगमत चालतो आम्ही, तिथेच फरक पडत असणार. उद्यापासून शेवटची वीस मिनिटं झपाझप चालेन. रबरी पट्टा कोणत्या ताकदीचा घेऊ?

प्रतिसाद 1
सगळ्यात हलका. सलग पंधरा वेळा सहज ओढता आला की पुढचा घ्या.