कारागृहात आणि सुटल्यावर ध्यान कसं शिकवावं?

मृणाल, सातारा
नमस्कार. आमच्याकडच्या कारागृहात आठवड्यातून एकदा ध्यान शिकवायची परवानगी मिळाली आहे. बहुतेक न्यायबंदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले आहेत. आज समोर बसलेला पुढच्या आठवड्यात जामिनावर गेलेला असतो. मी स्वतः इगतपुरीला विपश्यना ध्यानाची शिबिरं केली आहेत, पण ती शांतता बॅरेकमध्ये कुठून आणायची? आणि सुटलेल्यांसाठी काय करता येईल?

वसंतराव
मृणालताई, पहिल्याच दिवशी "डोळे मिटा" म्हणू नका. पाठीमागे कोण बसलंय हे माहीत नसताना बॅरेकमध्ये कुणी डोळे मिटत नाही. ज्याला भिंतीला पाठ टेकून बसायचंय त्याला बसू द्या. नजर जमिनीवर ठेवली तरी श्वास कळतो. सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ झाली. चाव्या वाजतील, नावाचा पुकारा होईल, कुणाला भेटायला घरचे आले की तो उठून जाईल. जाऊ द्या.

शिपायांनाही बसवा. कारागृहाची माणसं सोबत असतील तरच हे जमतं. 1975 साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींनी शिबिर घेतलं, तेव्हा बेड्या घालून आणलेल्यांच्या बेड्या आधी काढायला लावल्या. गृहसचिव राम सिंह पाठीशी होते म्हणून ते जमलं. तिहारमध्ये किरण बेदींच्या काळात, 1993 ला शिबिरं सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी हजारावर बंदी एकत्र बसले, तेही प्रशासनाने मनावर घेतलं म्हणूनच.

एक कळकळीचं सांगतो, हजेरीचा संबंध शिक्षेतल्या माफीशी किंवा रजेशी जोडू देऊ नका. आणि गुन्ह्याबद्दल आपण होऊन विचारू नका.

बाहेरचं काम जास्त अवघड आहे. बॅरेकमध्ये रात्रभर दिवा असतो. जन्मठेप भोगून आलेल्या एकाला घरी दिवा मालवला की झोप लागेना, बसवेना. त्याला म्हटलं, दिवा चालू ठेवूनच बस. आत गिनती (बंद्यांची मोजणी), जेवण, सगळ्याची वेळ ठरलेली; बाहेर अख्खा दिवस अंगावर येतो. त्यात चारित्र्य पडताळणीत वॉचमनची नोकरीही हातची जाते. अशा माणसाला नुसतं "श्वास बघ" म्हणणं मला पटत नाही. सुटलेल्यांसाठीच्या आमच्या बैठकीत आधी चहा, मग आधार, बँक खातं, रेशनकार्ड यांचे कागद, आणि मग वीस मिनिटं बसणं.

शबाना
काकांशी सहमत. घरच्यांशीही बोला. माझा भाऊ सुटून आल्यावर पहाटे भिंतीकडे तोंड करून बसायचा. अम्मी घाबरली, पोराने धर्म सोडला की काय! शिकवणाऱ्या सरांनी घरी येऊन सांगितलं, यात मंत्र नाही, मूर्ती नाही, त्याची नमाज चालू राहू दे. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आता तो फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर बसतो, आणि घरात आवाज चढला की भांडण्याऐवजी गच्चीवर जातो.

मृणाल, सातारा
शबानाताई, हे माझ्या लक्षातच आलं नसतं. शिपायांच्या बैठकीसाठी अधीक्षकांना या आठवड्यातच अर्ज देते. वसंतकाका, महिला विभागात सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ असतात. बैठकीच्या वेळी त्यांचं काय करायचं?

वसंतराव
मुलं बाहेर काढू नका, आईचं लक्ष तिकडेच राहतं. मांडीवर बसू द्या. थोड्या मोठ्यांना कागद आणि खडू द्या, आणि सोबत एक कार्यकर्ती न्या जी फक्त मुलांकडे बघेल. तिच्या नावाची परवानगीही आत्ताच अर्जात टाका, ऐन वेळी गेटवर अडवतात.