तान्ह्या पोळ्याच्या फ्लेक्सचा जाड फॉन्ट तुटून राहिला, अर्जंट मदत हवी

पांदणवाला:
फ्लेक्स आज संध्याकाळी छापायला द्यायचा आहे. पोट्ट्यांचा कार्यक्रम, म्हणून गुबगुबीत गोल फॉन्ट घेतला, 'मोदक' नावाचा. मोबाईलवर झकास दिसला. दुकानात टाइप केलं तर सगळं तुटून राहिलं, अन् खालचं तर वाचताच येत नाही. काय करू?

वऱ्हाडी_माणूस:
तुटते म्हणजे नेमकं काय होते? सॉफ्टवेअर कोणतं? अन् खालचं म्हणजे काय?

कापूसकोंड्या:
श्रीलिपी वापरा, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर. १५ वर्षं झाली माझ्या दुकानाला, एक जोडाक्षर फुटलं नाही. युनिकोडच्या, म्हणजे त्या मोबाईलवरच्या टायपिंगच्या, भानगडीत पडता काहून?

टाकळीकर:
अन् नावांची यादी व्हॉट्सॲपवर आली तर? ती युनिकोडच असते. श्रीलिपीत पुन्हा टाइप करत बसायचं का भाऊ?

कापूसकोंड्या:
कन्व्हर्टर असते.

टाकळीकर:
त्यानंतर रफार तपासत बसा.

धुऱ्यावरून:
आमच्या गावात पेंटरकडून कापडावर लिहून घेतो. दोन पोळे निघतात. फ्लेक्स नंतर नालीत जाते.

पांदणवाला:
कापडाला वेळ नाही दादा. कोरल एक्स-थ्री आहे. 'तान्हा'चं 'तान् हा' झालं, 'स्पर्धा'चा रफार बाजूला जाऊन बसला. फ्लेक्स ८ बाय ४. खाली नियम अन् २२ देणगीदार, तेही मोदकमध्येच.

वऱ्हाडी_माणूस:
हे आधी सांगायचं ना! दोन वेगळी दुखणी आहेत.

जुन्या कोरलला युनिकोड देवनागरी जोडता येत नाही, फॉन्टचा दोष नाही. इंकस्केप नावाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, पीडीएफ काढून कोरलमध्ये घ्या. अक्षरांचे आकार झाले की दुकानात फॉन्ट असो-नसो. पण स्पेलिंग त्याच्या आधी तपासा, नंतर टाइप करून दुरुस्ती होत नाही.

दुसरं, मोदक एकाच जाडीत येतो अन् अक्षराच्या पोटातली मोकळी जागा केसाएवढी ठेवलेली आहे. 'तान्हा पोळा' फूटभर उंच लिहा, देखणं दिसते. दीड इंचात 'ध' अन् 'घ' शाईने भरून जातात. नियमांना 'बालू २' घ्या, त्याच्या पाच जाड्या आहेत. नावांना मुक्ता, सात जाड्या. तिन्ही फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे, फुकट.

टाकळीकर:
नावांनाही बालूच चालते. मी नेहमी टाकतो.

वऱ्हाडी_माणूस:
दहा नावं असतील तर चालते. २२ नावांची गर्दी होते, अन् ज्याने वर्गणी दिली तो आधी आपलं नाव शोधते.

सातपुडा_सकाळ:
लग्नपत्रिकेला मात्र असा फॉन्ट घेऊ नका. अन् आमच्याकडे एकाने श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असाच गोलमटोल टाकला होता. घरच्या बाईने तो पाहून मान फिरवली. मला अजून आठवते.

पांदणवाला:
रफार जागेवर आला! वर मोदक, नियम बालू, नावं मुक्ता. पण 'उत्कृष्ट सजावट'मधला 'त्कृ' मोदकमध्ये गच्च दिसून राहिला.

वऱ्हाडी_माणूस:
ती ओळ पण बालूत घ्या. मोदकला फक्त 'तान्हा पोळा'.

धुऱ्यावरून:
लाकडी नंदी यंदा कितीले मिळून राहिले तिकडे?