मदत हवी आहे: स्वतः चिरलेल्या फळ्या वाकल्या, जूनच्या आत टेबल कसं करू?

कळमेश्वर_रोड
लवकर उत्तर हवं आहे. अकरा फळ्या मी स्वतः चिरल्या. त्यातल्या सात पन्हाळीसारख्या झाल्या, दोन टोकाकडून हातभर फाटल्या. परवा एकीवर ओलं फडकं टाकून वर दगड ठेवले. रात्रीतून सरळ झाली, सकाळी दहापर्यंत पुन्हा होती तशीच. आठ बाय तीनचं डायनिंग टेबल करायचं आहे, २२ जूनला कार्यक्रम आहे. मिस्त्री रंधा मारायलाही तयार नाही. फळी सरळ करायचा उपाय सांगा. "थांबा" असं कृपया सांगू नका, वेळ नाही.

सक्करदरा_४५अंश
लाकूड कोणतं? जाडी किती? झाड कधी पडलं? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ?

इतवारीचा_जुना
एवढी मेहनत कशाला? नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारात जा, वाळलेला सीपी साग (आपल्या मध्य भारतातला) बघून घ्या, चार दिवसांत टेबल तयार. आमच्याकडे वडिलांच्या लग्नातला सागाचा दिवाण आहे, अजून एक सांधा हलला नाही.

कळमेश्वर_रोड
निंब आहे. शेतावर दुसरं काय असणार? फेब्रुवारीच्या अवकाळी पावसात बुंध्यातून मोडला. साग विकत घ्यायचा असता तर इथे लिहिलंच नसतं. हा निंब आजोबांनी लावलेला. २२ तारखेला बाबांची एकसष्टी आहे, त्याच लाकडाच्या टेबलावर सगळ्यांनी जेवावं अशी इच्छा आहे. जाडी दीड ते दोन इंच, सगळीकडे सारखी नाही.

वनहक्क_वाचक
झाड तोडण्याआधी परवानगी घेतली होती का? १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं आहेत, स्वतःच्या शेतातली असली तरी. लोक आधी कापतात आणि मग धावपळ करतात.

सक्करदरा_४५अंश
दादा, त्यांचा निंब आहे आणि वाऱ्याने पडलेला आहे. प्रश्न फळीचा आहे. @कळमेश्वर_रोड, सारखी जाडी का नाही? आरामशीनवर नेलं नाही का?

कळमेश्वर_रोड
दोन ठिकाणी नेलं. खोडात कुंपणाची तार आणि खिळे गेलेले, पट्टा तुटेल म्हणून दोघांनीही नाही म्हटलं. त्यांचंही बरोबरच होतं. मग चेनसॉ भाड्याने आणली, वेल्डरकडून तिला लोखंडी चौकट करून घेतली आणि मार्चच्या शेवटी चार दिवसांत चिरून काढलं. दोन चेन खिळ्यांत गेल्या.

रंधा_पटाशी
चार दिवसांत अकरा फळ्या आणि तेही चेनसॉने, हे काम सोपं नाही. आता मुख्य गोष्ट सांगा: चिरल्यावर फळ्या ठेवल्या कुठे आणि कशा?

तुमसरचा_तलाव
आमच्या आजोळी लाकूड कापलं की आधी सहा महिने तळ्यात बुडवून ठेवत, मगच काम. घराच्या तुळया अजून शाबूत आहेत. शेतात विहीर असेल तर फळ्या विहिरीत सोडा. वाकणार नाहीत, भुंगाही लागणार नाही.

रंधा_पटाशी
काका, पाण्यात ठेवल्याने लाकडातला पिठूळ अंश निघून जातो आणि कीड कमी लागते, हे खरं. पण पाण्यातून काढल्यावर ते वाळवावं लागतंच. यांना हवा आहे कोरडेपणा, आणि तुम्ही विहिरीत टाकायला सांगून राहिले.

तुमसरचा_तलाव
मी सत्तर वर्षांचं घर दाखवतो, तुम्ही पुस्तकातलं सांगता.

रंधा_पटाशी
मी रोज लाकडावर हात चालवतो, काका. घर चांगलंच असणार, पण त्यांच्या तुळया पाण्यानंतर वर्ष-दोन वर्षं सावलीत वाळल्या असतील, तेवढा भाग सांगायचा राहून जातो.

कळमेश्वर_रोड
ऊन लागू नये म्हणून हॉलमध्ये ठेवल्या आहेत. जमिनीवर, एकावर एक. कूलर असतोच.

सक्करदरा_४५अंश
कूलर!

रंधा_पटाशी
सापडलं. दिवसभर कूलरची ओली हवा, बंद केला की बाहेरची मे महिन्याची भाजणारी हवा, आणि खालच्या बाजूला वाराच नाही. एक अंग सुकतं, दुसरं ओलं राहतं. त्यात फळीच्या टोकावर ज्या गोल रेषा दिसतात त्या वाळताना सरळ व्हायला बघतात, म्हणून सालीकडची बाजू खोलगट होते. फडकं टाकून दगड ठेवले तेव्हा आकसलेली बाजू तेवढ्यापुरती फुगली, सुकली की परत गेली. दगडाचा दोष नाही.

आजच करा. कूलरपासून दूर, छपरीत, दोन्हीकडून वारा येईल अशा जागी विटांवर थप्पी लावा. दर दीड फुटाला एक इंची वाळलेली पट्टी, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर, नाहीतर तिथे नवा बाक येईल. वर वजन. टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट लावा, कारण पाणी सर्वांत जोरात टोकांतून जातं आणि चीर तिथूनच सुरू होते. ज्या फळीच्या मधोमध झाडाचा गाभा आहे तिला वाचवू नका. गाभ्यावर उभी चिरून दोन अरुंद करा, नाहीतर ती स्वतःच फाटेल.

इतवारीचा_जुना
म्हणूनच म्हटलं साग. संसदेच्या नव्या इमारतीला नागपूरहून साग गेला, राममंदिराच्या दारांना बल्लारशाच्या डेपोतून गेला. निंबाला कोण विचारतं?

अंबाझरी_ताई
निंबाला आम्ही गुढीपाडव्याला विचारतो, दादा. आणि निंब हा महोगनीच्या कुळातला. आतलं लालसर लाकूड टिकाऊ असतं, वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचं पांढरं मात्र काढून टाका, भुंगा तिथेच लागतो. रंधा मारताना धाग्याची दिशा बदलत राहते, म्हणून पातं खूप धारदार ठेवा, नाहीतर खपल्या निघतात. आमच्या घरची देवाची चौकी निंबाचीच आहे.

कळमेश्वर_रोड
थप्पी आज लावतो. पण टेबलाचं काय? महिना आहे. लाकूड किती वाळलं हे तरी कसं कळेल?

रंधा_पटाशी
फळीच्या टोकापासून दोन फूट आत तुकडा कापा. लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशावर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी मोजा. जेवढं उतरलं त्याला कोरड्या वजनाने भागा, शंभरने गुणा. सांगा किती आलं.

कळमेश्वर_रोड (दोन दिवसांनी)
सोनाराच्या काट्यावर मोजलं. १०८ ग्रॅम होतं, ८७ वर थांबलं. म्हणजे २४ टक्के.

रंधा_पटाशी
मग जूनमध्ये टेबल नाही. हे मला आवडून सांगत नाही. लाकूड साधारण ३० टक्क्यांखाली गेलं की आकसायला लागतं, तुमच्या फळ्यांची खरी आकसण अजून बाकी आहे. आज जोडलं तर पुढच्या मेपर्यंत सांधे उघडतील. एक इंच जाडी वाळायला एक वर्ष हा नियम थंड हवेचा, आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतं, पण जुलै ते सप्टेंबर वाळणं जवळपास थांबतं. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. आणि तेव्हाही वरचा फळा पायांच्या चौकटीला घट्ट आवळू नका. स्क्रूला लांबट भोकं ठेवा. तीन फूट रुंदी नागपूरच्या मे आणि ऑगस्टच्या मध्ये अर्ध्या इंचापर्यंत हलते.

कळमेश्वर_रोड
बाबांना काय सांगू?

अंबाझरी_ताई
एकसष्टीला औक्षण होणार ना? ते पाटावर बसूनच होतं. त्याच निंबाचा पाट करा. लहान तुकडा लवकर वाळतो.

रंधा_पटाशी
ताईंचं बरोबर आहे. जी फळी मधून चिराल त्यातला गाभ्याबाहेरचा, टोकावरच्या रेषा उभ्या असलेला तुकडा घ्या. पाऊण इंचावर आणा, पट्ट्यांवर छपरीत ठेवा, दर तीन दिवसांनी वजन करा. वजन स्थिरावलं की रंधा. दोन तुकडे जोडावे लागले तरी चालेल.

कळमेश्वर_रोड
खाली आडव्या पट्ट्या फेविकॉलने चिकटवू की स्क्रूने?

रंधा_पटाशी
फक्त स्क्रू. मधला घट्ट, बाजूच्या दोघांना लांबट भोक. चिकटवाल तर पावसाळ्यात पाट वाकेल.

कळमेश्वर_रोड
ठीक. तुकडा निवडला आहे, त्यात तारेचा काळा डाग आहे. तो तसाच ठेवतो, कुंपण आजोबांनीच घातलं होतं.