आप्पा सांगतात पंगत नको, राख मळ्यात टाका. भाऊबंद ऐकत नाहीत. काय करावं?

तापीकाठ: आमचे आप्पा आता शेवटच्याच टप्प्यात आहेत, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं म्हणून गावी आणलंय, अमळनेरजवळ. शुद्धीत असताना सगळ्यांसमोर बोलले की डोळे दान करा, गंधमुक्तीला (दिवसकार्याला) बुंदीची पंगत नको, ते पैसे गावच्या शाळेला द्या आणि राख आपल्या मळ्यात लिंबाखाली टाका. मला पटतं, पण मोठे काका म्हणतात जन्मभर लोकांच्या पंगती जेवलो, आता आपल्या दारी नाही म्हणायचं का? आत्याला रामकुंडाशिवाय चालत नाही. त्यात अर्धे भाऊबंद सुरतला अन् मे महिना, ते येईपर्यंत ठेवायचं कसं? माणूस असताना हे विचारणं बरं दिसत नाही पण ऐनवेळी कोणाचं डोकं चालणार.

सिस्टर_भुसावळ: विचारलं ते बरंच केलं. नेत्रदान 6 तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीचा नंबर आत्ताच दोघातिघांच्या मोबाईलमध्ये टाका. गेल्यावर पंखा बंद, डोळे मिटवून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. टीम घरी येते, अर्ध्या तासात होतं, चेहरा बिघडत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, पण रेबीज किंवा रक्तात जंतू पसरलेले असले तर घेत नाहीत, त्यांचा आजार फोनवर सांगून ठेवा. आणि घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला लागतो, फॉर्म 4अ, तो आत्ता बघणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या. ग्रामपंचायतीत नोंद 21 दिवसांच्या आत करा, नंतर पेन्शन, बँक, सातबाऱ्याची वारस नोंद सगळं त्या एका कागदावर अडतं.

बट्टीवाला: सुरतवाले रात्री निघाले की सकाळी पोचतात, तेवढ्यापुरती फ्रीजरची पेटी भाड्याने आणा. पण गावात लाईटचा भरवसा नाही अन् घरच्या इन्व्हर्टरवर ती पेटी ओढत नाही, जनरेटर आधीच बोलून ठेवा. अन् दुपारी काढू नका, उन्हात खांदेकरीच आडवे होतील.

पंगतीचं म्हणाल तर आमना गावमा आसंच व्हयनं. शोकपत्रिकेतच छापलं, "कैलासवासींच्या इच्छेनुसार गोड जेवण नाही, टॉवेल-टोपीचे आहेर स्वीकारले जाणार नाहीत". लांबून आलेल्यांना साधं वरण-भात-पोळी वाढलं. चार लोक बोलले, बोलणारे बुंदी असती तरी बोलले असते, कच्ची राहिली म्हणून.

जुना_वारकरी: मला मात्र काकांचंही बरोबर वाटतं. पंगत म्हणजे नुसता खर्च नाही, दारावर आलेल्या माणसाला घास घालणं आहे, ते एकदम तोडू नये. साधं जेवण अन् भजनी मंडळाचं कीर्तन, असं करा. राख मळ्यातच टाका, तो आप्पांचा शब्द आहे. अस्थी थोड्या वेगळ्या काढून आत्याला न्यायला द्या, अन् नाशिक तरी कशाला, मुडावदला तापी-पांझरेचा संगम तुमच्या जवळच आहे, दशक्रियाही तिथेच करता येईल.

अजून एक, काकांशी तुम्ही भांडू नका. दोघा भावांना एकटं बसू द्या, आप्पांना बोलवतंय तोवरच.

तापीकाठ: सगळ्यांचे आभार. पेटीवाल्याचा नंबर धुळ्यातून मिळाला, जनरेटर मंडपवाल्याकडेच आहे. काकांना आजच आप्पांजवळ बसवतो. आत्याशी बायको बोलणार आहे, माझं ती ऐकत नाही.